पडवीतला संगणक आणि मांगरातला संगणक: दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत का, हे कसे ठरवावे

एप्रिलचा दुसरा पंधरवडा होता आणि देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांच्या घरी आंब्याची गडबड ऐन भरात होती. घराच्या पडवीत बिले करण्याचा संगणक होता, आणि खळ्याच्या पलीकडे, साठ-सत्तर पावलांवरच्या मांगरात, जेथे पेट्या भरल्या जातात, तेथे दुसरा संगणक व त्याला जोडलेला लेबलांचा प्रिंटर होता. पडवीत बिल केले की मांगरात लेबल छापून यावे, ही व्यवस्था आदल्या हंगामात व्यवस्थित चालली होती. या हंगामात मात्र एकही लेबल येत नव्हते. मालकांनी मला पाहताच विचारले, ‘‘दोनय मशिनींक नेट येता, मगे प्रिंट कित्याक येना नाय?’’

प्रश्न रास्त होता, पण गोम त्याच्या पहिल्या अर्ध्या भागातच होती. दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते, यावरून दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत असे सिद्ध होत नाही. मुंबईतल्या संगणकावरही इंटरनेट चालते आणि मालवणातल्याही. वायफायचे नाव दोन्हीकडे सारखे असणे हाही पुरावा नव्हे, कारण ते नाव ज्याला जे हवे ते ठेवता येते. किंबहुना नाव सारखे ठेवल्यामुळेच पुष्कळदा खरी गोष्ट झाकली जाते.

म्हणून आधी ‘एकच नेटवर्क’ म्हणजे काय, ते ठरवून घ्यावे. एका संगणकाला दुसऱ्याकडे माहिती पाठवताना मध्ये कोणत्याही राउटरची मदत घ्यावी लागत नसेल, तर ते दोन संगणक एका नेटवर्कवर आहेत. मध्ये स्विच असेल, लांब केबल असेल, वायफायचा ॲक्सेस पॉइंट असेल, तरी हरकत नाही, कारण ही साधने माहितीला फक्त वाट देतात. राउटर मात्र दोन नेटवर्कांच्या मधल्या बांधावर बसलेला असतो. प्रिंटर शेअर करणे, फाइलींचे फोल्डर उघडणे, मोबाइलवरून टीव्हीवर चित्र टाकणे, यांतली बहुतेक कामे हा बांध मध्ये नाही असे गृहीत धरून चालतात.

कोकणात हा प्रश्न वारंवार उद्भवतो, याला येथली घरेही थोडी कारणीभूत आहेत. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफायचा सिग्नल जेमतेम एखादी खोली ओलांडतो. मग कोणीतरी माजघरासाठी, पर्यटकांच्या खोल्यांसाठी किंवा मांगरासाठी दुसरा राउटर आणतो, दिसेल त्या भोकात केबल घालतो, फोनवर इंटरनेट आले की काम झाले असे समजतो, आणि घरात नकळत दोन नेटवर्के तयार होतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पुढे दिलेल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या आहेत.

पहिली पायरी: दोन्हीकडचे तीन आकडे कागदावर उतरवणे

विंडोजच्या संगणकावर स्टार्टचे बटण दाबून ‘सीएमडी’ टाइप करावे आणि एंटर दाबावे. काळी खिडकी उघडेल. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबावे. जी माहिती येईल तिच्यातल्या तीन ओळी हव्या आहेत: आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा पत्ता; सबनेट मास्क, ज्याचा अर्थ पुढच्या पायरीत येईल; आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी माहिती ज्याच्याकडे सोपवली जाते त्या राउटरचा पत्ता. ॲपलच्या मॅकवर हेच आकडे सिस्टिम सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात, चालू असलेल्या जोडणीच्या तपशिलात, टीसीपी-आयपी या शीर्षकाखाली मिळतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘आयपी’, मग एक जागा सोडून ‘ए’, असे टाइप करावे. तेथे मास्क वेगळा न छापता पत्त्याला जोडूनच तिरकी रेघ आणि २४ किंवा २६ असा आकडा येतो. गेटवेसाठी ‘आयपी’ आणि ‘आर’ ही आज्ञा आहे.

दोन्ही संगणकांवरचे आकडे एकाच बैठकीत उतरवावेत. सकाळी एकाचे आणि संध्याकाळी दुसऱ्याचे, असे करू नये. मधल्या वेळेत लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, तर पत्ते बदललेले असू शकतात, आणि मे महिन्यातल्या वळिवाच्या दिवसांत लाइट जाणार नाही याची हमी आमच्याकडे कोणी देत नाही.

विंडोजवर ही आज्ञा दिल्यावर एकाऐवजी चार-पाच परिच्छेद येतात आणि तेथेच नवखा माणूस गोंधळतो. प्रत्येक परिच्छेद एका ॲडॉप्टरचा, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या एका साधनाचा असतो. ज्याच्यापुढे ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहिले आहे तो सोडून द्यावा. संगणकावर दुसरी यंत्रणा चालवण्याचे व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर असेल, तर १९२.१६८.५६.१ असा एक पत्ता दिसतो. त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध नसतो. व्हीपीएन, म्हणजे माहिती दूरच्या दुसऱ्या नेटवर्कमार्गे नेणारी सोय, चालू असेल तर ते तपासणीपुरते बंद करावे. ज्या ॲडॉप्टरपुढे डिफॉल्ट गेटवेचा आकडा भरलेला आहे, तो सहसा आपल्या कामाचा असतो.

मात्र ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. लॅपटॉपला घरातली केबल लावलेली आहे आणि त्याच वेळी तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही आहे, असे दृश्य आमच्या भागात नवे नाही. अशा लॅपटॉपला दोन पत्ते आणि कधी दोन गेटवे असतात. त्याचा एक पाय घरातल्या नेटवर्कमध्ये आणि दुसरा मोबाइलच्या नेटवर्कमध्ये असतो. तपासणीपूर्वी त्यातली नको असलेली जोडणी तोडावी, नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद ठरतील.

देवगडच्या त्या घरी कागदावर उतरलेले आकडे असे होते. पडवीतला संगणक: पत्ता १९२.१६८.१.३४, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. मांगरातला संगणक: पत्ता १९२.१६८.०.१०२, मास्क तोच, गेटवे १९२.१६८.०.१.

दुसरी पायरी: मास्क लावून हिशेब

आयपीव्ही४ पत्ता हा ३२ बिटांचा आकडा असतो आणि तो वाचायला सोपा जावा म्हणून चार भागांत, प्रत्येक भाग ० ते २५५ यांच्या दरम्यान, असा लिहितात. या पत्त्याचा पुढचा भाग नेटवर्कचा आणि मागचा भाग त्या विशिष्ट संगणकाचा असतो. ही फोड नेमकी कोठे होते, हे मास्क सांगतो. मास्कमध्ये जेथे २५५ आहे तो भाग पूर्णपणे नेटवर्कचा, आणि जेथे ० आहे तो पूर्णपणे संगणकाचा.

म्हणून २५५.२५५.२५५.० हा मास्क असेल तर हिशेब पहिलीतल्या मुलालाही जमेल: पहिले तीन भाग दोन्हीकडे सारखे आहेत का, एवढेच पाहायचे. देवगडच्या उदाहरणात तिसरा भाग एकीकडे १ आणि दुसरीकडे ० आहे. म्हणजे नेटवर्के दोन. एका आकड्याचाच फरक असल्यामुळे तो नजरेतून सुटतो, आणि मालकांच्या मुलाच्या नजरेतून तो सुटला होताच.

मास्कमध्ये २५५ आणि ० यांखेरीज तिसरा आकडा आला की मात्र थांबून विचार करावा लागतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. तो आकडा २५६ मधून वजा करावा. जे उरेल तेवढ्या आकाराचे गट पडतात, असे समजावे. उदाहरणार्थ, मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल तर २५६ वजा १९२ म्हणजे ६४ उरतात, आणि शेवटच्या भागाचे गट ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५ असे चार पडतात. आता १९२.१६८.१०.७० आणि १९२.१६८.१०.१३० हे दोन पत्ते वरवर शेजारी वाटले, तरी ७० दुसऱ्या गटात आणि १३० तिसऱ्या गटात पडतो. म्हणून ते दोन वेगळ्या नेटवर्कांचे आहेत. लिनक्सवर दिसणारा २६ हा आकडा म्हणजे हाच मास्क. २४ म्हणजे २५५.२५५.२५५.०, आणि २८ म्हणजे शेवटी २४०.

उलटही घडते. मास्क २५५.२५५.२५४.० असेल तर तिसऱ्या भागाचे दोन-दोनचे गट पडतात, त्यामुळे १९२.१६८.०.१०२ आणि १९२.१६८.१.३४ हे एकाच नेटवर्कचे ठरतात. देवगडच्या त्याच दोन आकड्यांचा निकाल केवळ मास्क बदलल्याने फिरला असता. मास्क न पाहता केलेली कोणतीही तुलना मी ग्राह्य धरत नाही, त्याचे कारण हे आहे.

दोन्ही संगणकांवरचे मास्कच वेगवेगळे असतील, तर तो आणखी निराळा घोळ. समजा, एकाचा पत्ता १९२.१६८.१.२० व मास्क २५५.२५५.२५५.० आहे, आणि दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२०० पण कोणीतरी हाताने भरलेला मास्क २५५.२५५.२५५.१२८ आहे. पहिला दुसऱ्याला आपलाच समजतो; दुसऱ्याच्या लेखी मात्र पहिला परका असतो आणि त्याला द्यायचे उत्तर तो गेटवेकडे सोपवतो. काम कधी होते, कधी अडते, आणि दोष कोठे आहे ते सापडता सापडत नाही. असे दिसले तर पुढे न जाता आधी मास्क सारखे करावेत.

काही पत्ते पाहताक्षणी ओळखू यावेत. आयफोनच्या हॉटस्पॉटवर असलेल्या संगणकाचा पत्ता १७२.२०.१० ने सुरू होतो आणि मास्क शेवटी २४० असतो, म्हणजे सोळाचाच गट. विंडोजच्या संगणकाने स्वतः हॉटस्पॉट दिला असेल तर १९२.१६८.१३७ दिसतो. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर संगणकाने पत्ता मागितला पण द्यायला कोणी नव्हते, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. एकाच संगणकावर हे दिसले तर त्याची केबल किंवा जोडणी पाहावी. खाऱ्या हवेने केबलच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि जोड सैल पडतो, हे समुद्राजवळच्या घरांत मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही संगणकांवर १६९.२५४ असेल तर बहुधा राउटर बंद पडला आहे. गंमत अशी, की स्विच जिवंत असेल तर त्या अवस्थेतही ते दोघे एकाच नेटवर्कवर असतात आणि आपसांत बोलू शकतात, फक्त बाहेर जाऊ शकत नाहीत.

आकडे जुळले, तरी निकाल लागलेला नाही

येथपर्यंतच्या हिशेबाने ‘वेगळे आहेत’ हे ठामपणे सांगता येते. ‘एकच आहेत’ हे मात्र सांगता येत नाही, आणि बहुतेक लोक नेमके येथेच फसतात. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरणार नाहीत म्हणून १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी मोकळे ठेवले गेले आहेत. ते कोणीही, कोठेही, कोणाला न विचारता वापरावेत. परिणामी रत्नागिरीतल्या एका दुकानात १९२.१६८.१.३४ आहे आणि चिपळुणातल्या दवाखान्यातही १९२.१६८.१.३४ आहे, व दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

हे एका छपराखालीही घडू शकते. घरासाठी एक फायबर कनेक्शन आणि पाहुण्यांच्या खोल्यांसाठी दुसरे घेतले, तर दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असण्याची शक्यता बरीच असते. मग आकडे जुळतात, मास्क जुळतो, गेटवेसुद्धा जुळतो, आणि नेटवर्के मात्र दोन असतात.

‘माझा आयपी पत्ता काय’ असे ब्राउझरमध्ये शोधून जो बाहेरचा पत्ता मिळतो, तो दोन्हीकडे सारखा आला म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरायला देतात. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा टप्पा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला, आणि आपल्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला त्यातला पत्ता दिसला तर आपणही अशाच सामायिक पत्त्यामागे आहोत, असे समजावे.

तिसरी पायरी: पिंग करणे आणि त्याचे उत्तर नीट वाचणे

पिंग म्हणजे दुसऱ्या संगणकाला ‘आहेस का?’ असे विचारून उत्तराची वाट पाहणे. काळ्या खिडकीत ‘पिंग’, एक जागा आणि दुसऱ्या संगणकाचा पत्ता टाइप करून एंटर दाबावे. उत्तर आले किंवा नाही, एवढ्यावर लोक थांबतात. खरी माहिती उत्तराच्या शब्दांत असते.

‘रिप्लाय फ्रॉम’ आणि त्यापुढे दुसऱ्या संगणकाचा पत्ता आला, तर तो पोहोचता येण्याजोगा आहे. पण थेट, की राउटरमार्गे? यासाठी ओळीच्या शेवटी असलेला टीटीएल हा आकडा पाहावा. विंडोजचा संगणक उत्तर पाठवताना हा आकडा १२८ ठेवतो, लिनक्स आणि मॅक ६४ ठेवतात, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. उत्तरात १२८ किंवा ६४ आले तर मध्ये राउटर नाही. १२७ किंवा ६३ आले तर मध्ये एक राउटर आहे. मांगरातून पडवीतल्या संगणकाला मी पिंग केले तेव्हा उत्तर तत्काळ आले, चारही वेळा आले, आणि चारही ओळींच्या शेवटी १२७ होते. मालकांना वाटले काम झाले. मला वाटले, चोर सापडला.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हे शब्द आले तर ओळीच्या सुरुवातीचा पत्ता कोणाचा आहे ते पाहावे. तो आपल्याच संगणकाचा असेल, तर आपल्या संगणकाने नेटवर्कमध्ये हाक मारली आणि कोणीही ओ दिली नाही, असा त्याचा अर्थ होतो. येथे विंडोज एक दिशाभूल करते: ही ओळसुद्धा ‘मिळालेले उत्तर’ म्हणून मोजते आणि खाली शून्य टक्के तोटा असे छापते. तो बेरजेचा भाग न वाचता वरच्या ओळीच वाचाव्यात.

‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ याचा अर्थ ‘संगणक तेथे नाही’ असा लावण्याची घाई करू नये. तेथला संगणक हजर असूनही त्याचे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारे सॉफ्टवेअर, पिंगला उत्तर देऊ देत नाही, ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून पिंग अयशस्वी झाले यावरून काहीच ठरवू नये आणि सरळ पुढच्या पायरीवर जावे.

पिंग दोन्ही बाजूंनी करावे, हेही सांगितले पाहिजे. पडवीतून मांगरातल्या संगणकाला केलेल्या पिंगला एकही उत्तर आले नाही. मांगरातून पडवी दिसते आणि पडवीतून मांगर दिसत नाही, असा एकतर्फी प्रकार दिसला की मांगराच्या बाजूला जास्तीचा राउटर आहे, हे जवळजवळ नक्की समजावे. राउटर आतून बाहेर जाऊ देतो, बाहेरून आत येऊ देत नाही. लेबले अडकली होती ती याच कारणाने, कारण छपाईचा हुकूम पडवीतून मांगराकडे, म्हणजे नेमका बंद दिशेने जात होता.

चौथी पायरी: शेजाऱ्यांची यादी पाहणे

ही पायरी मला सर्वांत विश्वासाची वाटते आणि तिचा उपयोग मात्र फार थोडे लोक करतात. एकाच नेटवर्कवरच्या संगणकाला माहिती द्यायची तर केवळ आयपी पत्ता पुरत नाही. त्याच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा पत्ता, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), तो लागतो. तो मिळवण्यासाठी संगणक सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतो, ‘अमुक पत्ता कोणाचा आहे?’, आणि ज्याचा असेल तो आपला मॅक ॲड्रेस कळवतो. १९८२ साली ठरलेली ही पद्धत एआरपी या नावाने ओळखली जाते. ही हाक राउटर ओलांडून जात नाही. म्हणजे ज्याने ओ दिली, तो आपल्याच आवारातला आहे.

शिवाय फायरवॉल पिंगला दाद देत नसले तरी या हाकेला उत्तर दिले जातेच, कारण ते दिले नाही तर त्या संगणकाचे नेटवर्कच चालणार नाही. म्हणून आधी दुसऱ्या संगणकाला पिंग करावे, ते अयशस्वी झाले तरी चालेल, आणि लगेच ‘एआरपी’, एक जागा, वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘ए’, अशी आज्ञा द्यावी. लिनक्सवर ‘आयपी नेबर’ ही आज्ञा आहे; तीत ‘नेबर’ हा शब्द एन, ई, आय, जी, एच या पाच अक्षरांपर्यंतच लिहितात. समोर यादी येईल: प्रत्येक ओळीत आधी आयपी पत्ता आणि त्यापुढे सहा जोड्यांचा मॅक ॲड्रेस.

या यादीत दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता आणि त्यासमोर मॅक ॲड्रेस असेल, तर तो मॅक ॲड्रेस दुसऱ्या संगणकावर जाऊन पडताळावा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ आणि ‘ऑल’ ही आज्ञा दिली की ‘फिजिकल ॲड्रेस’ या ओळीत तो दिसतो. दोन्ही जुळले, तर दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत आणि विषय मिटला. पडताळणी चुकवू नये, कारण त्याच आयपी पत्त्यावर घरातला एखादा फोन किंवा कॅमेरा बसलेला असू शकतो, आणि मग ओ भलत्यानेच दिलेली असते.

मांगरातल्या संगणकाच्या यादीत १९२.१६८.०.१ होते, मालकांचा फोन होता, पण १९२.१६८.१.३४ नव्हते. पिंगला उत्तर येत होते आणि यादीत नाव नव्हते. म्हणजे उत्तर शेजाऱ्याकडून नव्हे, राउटरमार्फत येत होते.

दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नसेल, फोनवरून कोणाला तरी विचारून तपासायचे असेल, तर याच यादीचा दुसरा उपयोग करावा. दोन्हीकडे गेटवेच्या आयपी पत्त्यासमोरचा मॅक ॲड्रेस वाचून घ्यावा. गेटवेचा आयपी पत्ता दोन्हीकडे १९२.१६८.१.१ असला तरी मॅक ॲड्रेस वेगळे निघाले, तर राउटर दोन आहेत. मॅक ॲड्रेसच्या पहिल्या तीन जोड्या उत्पादकाच्या असतात, म्हणून एकाच कंपनीचे दोन राउटर असतील तर त्या सारख्याच येऊ शकतात. सहाही जोड्या शेवटपर्यंत वाचायला लावाव्यात.

आयपीव्ही६ असेल तर

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात आयपीव्ही६ चा, म्हणजे आयपीव्ही४ नंतर आलेल्या पत्त्यांच्या पद्धतीचा, लांबलचक पत्ताही दिसत असेल, तर त्याचा फायदा करून घ्यावा. ‘एफई८०’ ने सुरू होणारा पत्ता सोडून द्यावा, कारण तो प्रत्येक ठिकाणी असतो. २ ने सुरू होणारा पत्ता मात्र जगात एकमेव असतो, आणि त्याचे पहिले चार गट सहसा नेटवर्क दाखवतात. ते चार गट दोन्ही संगणकांवर अक्षर न अक्षर सारखे असतील, तर १९२.१६८ च्या जुळणीपेक्षा हा पुरावा कितीतरी वजनदार आहे.

एकच नेटवर्क, तरी भेट नाही

गेटवेचा मॅक ॲड्रेस जुळतो, मास्कचा हिशेब जुळतो, आणि तरीही दोन संगणक एकमेकांच्या यादीत येत नाहीत, असेही होते. हॉटेलात, होमस्टेमध्ये आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर जाणीवपूर्वक अशी सोय केलेली असते, की प्रत्येकाला इंटरनेट मिळावे पण कोणाला कोणाचा संगणक दिसू नये. राउटरच्या सेटिंगमध्ये तिला एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन म्हणतात. आपल्या खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त आपला बिलांचा संगणक त्या वायफायवर जोडू नये.

दोष दूर करताना

देवगडच्या घराची कहाणी पुढे उलगडली ती अशी. मागच्या वर्षी पडवीतून मांगरात गेलेली केबल एका साध्या स्विचला जोडलेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली आणि तो स्विच गेला. त्याच्या जागी, मांगरात फोनलाही वायफाय मिळावे म्हणून, नवा राउटर आणला गेला, केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या वॅन या, बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असलेल्या भोकात घातली गेली, आणि वायफायचे नाव व पासवर्ड घरातलेच ठेवले गेले. वॅनमध्ये केबल घातल्याबरोबर त्या राउटरने मांगराचे स्वतंत्र नेटवर्क थाटले.

यावर उपाय म्हणजे त्या राउटरचे राउटरपण काढून घेणे. नव्या राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असतो. तो निवडला की काम झाले. तो नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता घरातल्या नेटवर्कमधला, पण दुसऱ्या कोणाला न दिलेला करावा, आम्ही १९२.१६८.१.२ हा दिला. घरातला मुख्य राउटर पत्ते वाटताना कोणत्या टप्प्यातून वाटतो ते पाहून त्या टप्प्याबाहेरचा पत्ता निवडावा. त्यानंतर नव्या राउटरची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. हे दोन्ही झाल्यावरच केबल वॅनमधून काढून लॅन या, घरातल्या संगणकांसाठी असलेल्या भोकात घालावी. आधी केबल हलवली तर एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि पडवीतला चालू संगणकही बिघडतो.

केबल हलवल्यावर मांगरातल्या संगणकाची केबल काढून पुन्हा घातली. नवा पत्ता आला: १९२.१६८.१.४१. पिंगच्या उत्तरात आता १२८ होते आणि शेजाऱ्यांच्या यादीत पडवीतला संगणक आपल्या मॅक ॲड्रेससह हजर होता. लेबल मात्र अजूनही येईना.

हा टप्पा सांगायचा राहून जातो म्हणून मुद्दाम लिहितो. विंडोज नेटवर्क ओळखते ते गेटवेच्या मॅक ॲड्रेसवरून. मांगरातल्या संगणकाचा गेटवे बदलला होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे अनोळखी नेटवर्क होते आणि त्याने ते ‘पब्लिक’ या वर्गात टाकले होते. त्या वर्गात प्रिंटर व फाइली इतरांना दाखवल्या जात नाहीत. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग चालू जोडणीचे गुणधर्म, येथे जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडले आणि पडवीतून एक लेबल सोडले.

प्रिंटर चालू झाला तो थांबेना. चार दिवसांत मालकांनी पुन्हा पुन्हा सोडून पाहिलेली सगळी लेबले पडवीतल्या संगणकाच्या रांगेत साठून राहिली होती आणि वाट मोकळी होताच ती एकामागून एक बाहेर पडू लागली. अर्धा रोल वाया गेला. शेवटचा बदल करण्याआधी प्रिंटरची रांग उघडून त्यातली जुनी कामे पुसून टाकावीत, ही पायरी तेव्हापासून माझ्या यादीत कायमची चढली आहे.